वीस अंश

ग्वाल्हेरात मे महिन्यात टाकीचं पाणी
रात्री अकरालाही छत्तीसच्या खाली उतरत नाही,
आणि पाकिटावर छापलंय वीस.
म्हणून दौलतगंजातून बर्फ आणतो,
गोणपाटात गुंडाळून, स्कूटरवर पायांशी.
बर्फवाला विचारतो, बाबूजी, शादी है क्या?
मी म्हणतो, हां, वैसाही कुछ.

न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड,
दाराच्या फटीत मृदुलेची जुनी चादर.
बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या,
आणि थर्मामीटर माशांच्या टाकीतला.
मासे मागच्याच उन्हाळ्यात गेले.

लाइट गेली.
अख्खा छत्रीबाजार शिव्या देतोय,
मी एकटाच खूश.

अंधारात बोटांना डोळे फुटतात म्हणे.
खोटं आहे. बोटांना फक्त घाम फुटतो.
फिल्म चकरीत शिरते, खर्र करते,
घसरते,
पुन्हा पहिल्यापासून.
कोर्टात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढल्या,
एकदाही हात इतका थरथरला नाही.

डबा बंद झाला की मग बोलायला मोकळीक.
बाहेर मृदुला, मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि टॉर्च.
दर अर्ध्या मिनिटाला म्हणते, उलटा.
मी उलटतो, सुलटतो, बुडाला थाप मारतो
बुडबुडे सुटावेत म्हणून.
उलटा.
गणित शिकवायची. आवाजात अजून फळा आहे.

पहिली बाटली ओततानाच आंबूस वास आला होता.
आला, आणि मला वाटलं,
उन्हाळाय.

सरबताच्या दोन बाटल्या, जुळ्या.
लाल झाकणाची डेव्हलपर, निळ्या झाकणाची हायपो.
रविवारी मीच धुतल्या,
मीच झाकणं लावली.

फिल्म उलगडली तर
काच.
कडेचे आकडेसुद्धा नाहीत,
कंपनीचं नावसुद्धा नाही.
आरपार मृदुला दिसली, टॉर्च धरलेली.

छत्तीस होते. जानेवारीतले, छोट्या गाडीचे.
गाडी बंद होणार, बंद होणार, असं सगळे म्हणत होते तेव्हाचे.
टपावर रजया पांघरून बसलेली माणसं,
घोसीपुऱ्याला रुळावरची खाट उचलून
गाडीला वाट देणारी बाई,
इंजिनापुढून हलायलाच तयार नसलेली शेळी.

मृदुला काही बोलली नाही.
घड्याळ खिळ्याला लावून परत आली.
वाळत तरी घाला, म्हणाली. ओलं ठेवू नये.
मी दोन चिमटे लावून टांगली,
खालच्या टोकाला कुलपाचं वजन,
सगळं नियमाप्रमाणे.

बादलीतलं पाणी फेकवेना.
गच्चीत नेलं. तिनं पाय सोडले,
सरकली, मग मीही.
किल्ल्याकडून लू अजून येतच होती.
थर्मामीटर पाण्यातच राहिलेला, चोवीस दाखवत होता.

सातव्यात ती शेळी होती, मी म्हणालो.
शेळी नवव्यात. सातव्यात गार्डाचा कंदील.
कंदील मी काढलाच नव्हता.
काढलात. मी होते ना तिथे.

मग बराच वेळ नुसते पाय.

मोतीझीलला तुम्ही चहाला उतरलात, ती म्हणाली,
गाडी सुटली, आणि कपासकट धावत सुटलात,
मफलर एका खांद्यावरून लोंबत.
कॅमेरा माझ्याकडे होता.
म्हणजे, मी होतो यात?
होतात. तोंड उघडं होतं.
एवढे मोठे दात तुमचे, मला माहीतच नव्हतं.

माझा असा फोटो कोणी काढला नव्हता.
लायसनचा सोडला तर
मी नेहमी काचेच्या या बाजूला.

कितवा? मी विचारलं.

दुधाच्या पिशव्या, जिन्याच्या पायऱ्या,
माझ्या खोकल्याची रात्रीची उबळ,
सगळं मोजणारी बाई
पाण्यात बोटं हलवत राहिली.

मोजलं नाही मी, म्हणाली.
हसत होते.